आठवा अध्याय संपला की शास्त्र मिटू नका

प्रति,
मराठी मंडळ्यांचे पाळक, वडीलजन आणि पास्टरेट कमिट्यांचे सभासद यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाची शेवटची वचनं वाचली गेली नाहीत असा अंत्यविधी मला आठवत नाही. मरण, जीवन, देवदूत, अधिपती, उंची, खोली, कशाचीही ताकद नाही आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून तोडण्याची. पाळकसाहेब इथं आवाज चढवतात, कबरीभोवती उभी असलेली माणसं 'आमेन' म्हणतात आणि शास्त्र, म्हणजे बायबल, मिटलं जातं. वचन मोठं आहे, ते वाचलंच पाहिजे. माझं म्हणणं त्याच्या पुढच्या ओळीबद्दल आहे. ती ओळ आपण कबरस्तानात वाचत नाही, आणि रविवारच्या उपासनेतही मी ती फारशी ऐकलेली नाही.

हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल पुढं काय म्हणतो? मी ख्रिस्तात खरं बोलतो, खोटं बोलत नाही, माझं मन पवित्र आत्म्यात याची साक्ष देतं, की मला मोठा खेद वाटतो आणि माझ्या अंतःकरणात अखंड वेदना आहे. कुणासाठी? भाऊबंदांसाठी, रक्तामांसाच्या नातलगांसाठी, म्हणजे इस्राएल लोकांसाठी. त्यांच्याकरता मी स्वतः शापित होऊन ख्रिस्तापासून वेगळा झालो असतो तरी चाललं असतं, इथपर्यंत तो जातो. नुकतंच ज्यानं 'आपल्याला कोण तोडील?' असं छातीठोक विचारलं, तोच आता म्हणतो, मला तोडा पण त्यांना घ्या.

मध्ये नवव्या अध्यायाचा आकडा आहे म्हणून आपल्याला ही दोन वेगळी प्रकरणं वाटतात. इसवी सन ५७च्या सुमारास करिंथात पौल सांगत होता आणि त्याचा लेखनिक तर्तिय लिहून घेत होता तेव्हा तिथं कसलाच आकडा नव्हता. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात, नव्या कराराच्या वचनांना आज दिसणारे आकडे लागले १५५१ साली. ज्या माणसाला कुणीच तोडू शकत नाही त्यालाच दुसऱ्यासाठी तुटायची इच्छा व्हावी, हे त्या पत्राच्या ऐन मध्यावर आहे आणि आपण ते आकड्यांच्या सोयीवर सोडून दिलं आहे.

आता ही माणसं कोण, तेही पाहा. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौलानं आपल्या अंगावरचा हिशेब मांडला आहे: यहूद्यांकडून पाच वेळा एकोणचाळीस फटके. पाठीवर ते वळ घेऊन हा माणूस त्यांच्यासाठी अखंड वेदना सोसतोय. रोमकरांस पत्र पाठवून तो यरुशलेमेला गेला, तर तिथंही मंदिरात त्याला धरून बाहेर ओढलं आणि जिवे मारायला लोक धावले. म्हणजे 'माझे लोक' म्हणून ज्यांच्यासाठी त्यानं एवढं लिहिलं, त्यांच्याकडून त्याला काही गोड उत्तर आलेलं नव्हतं आणि येणारही नव्हतं.

तरी त्यानं तीन-तीनदा शपथ का घ्यावी? मी जेवढं समजले ते असं. क्लौद्य कैसरानं यहूद्यांना रोममधून हाकललं होतं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे यहूदी जोडपं त्यामुळंच करिंथात आलं, हे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. क्लौद्य मेला सन ५४मध्ये. त्यानंतर यहूदी परतू लागले, पण मधल्या काळात रोमची मंडळी विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, लोकांच्या हाती गेलेली होती. परत आलेल्यांकडं बघून नाक मुरडायची सवय लागायला एवढं पुरतं. म्हणून अकराव्या अध्यायात पौल विदेशी विश्वासूंना दटावतो: तोडलेल्या फांद्यांवर, म्हणजे यहूद्यांवर, तोरा मिरवू नकोस, तू मुळाला धरून नाहीस, मूळ तुला धरून आहे. पुढच्या शतकांत युरोपातल्या मंडळ्यांनी हे वचन गुंडाळून ठेवलं आणि यहूद्यांचं काय केलं, ते सांगायला नको. (आपल्या कोकणात अलिबाग-रेवदंड्याकडं शनवार तेली म्हणून पिढ्यान् पिढ्या राहिलेले बेने इस्राएल यहूदी हे पौलाच्याच भाऊबंदांपैकी. शेजारीपाजारी त्यांना सुखानं नांदू देत होते, आणि ते शेजारी ख्रिस्ती नव्हते.)

हे सगळं तुम्हाला का लिहिते आहे? तुम्ही शास्त्र शिकून आलेले आहात, मी शब्बाथ शाळेत मुलांना शिकवते एवढंच. लिहिते आहे ते व्यासपीठावरून इतरांबद्दल जे बोललं जातं त्यासाठी. 'जगातले लोक', 'अंधारातले लोक', 'नाश पावणारे'. हे शब्द शास्त्रातलेच आहेत, पण ज्या सुरात ते हल्ली कानावर पडतात तो सूर पौलाचा नाही. सुवार्ता सभेत वक्ता शेजारच्या देवळाची नक्कल करतो आणि मांडवात हशा पिकतो. मग ती क्लिप ग्रुपवर फिरते. पौल अथेन्सात गेला तेव्हा मूर्ती पाहून त्याच्या मनाचा संताप झाला होता, हे लूकनं लपवलेलं नाही. पण तिथल्या अरीयपग सभेत उभं राहिल्यावर त्यानं त्यांच्याच कवींची ओळ घेऊन बोलणं केलं. इफिसात दंगल झाली तेव्हा शहराच्या चिटणीसानं लोकांपुढं पौलाच्या सोबत्यांबद्दल ग्वाही दिली, की यांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही. आपल्या गावचा ग्रामसेवक किंवा पोलीस पाटील आपल्या सभांबद्दल अशी ग्वाही देईल का, याचा विचार कमिटीनं जरूर करावा.

आणि मराठी मंडळीला तर हे परकं वाटायचं कारणच नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा निम्मं घर मागं राहिलं. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या माणसांत राहिल्या. पुढची काही वर्षं नवरा एकीकडं, बायको एकीकडं. लक्ष्मीबाईंनी ते दिवस नंतर लिहून ठेवले आणि महाराष्ट्रानं ते ख्रिस्ती-अख्रिस्ती न बघता वाचले. त्यात गेलेल्याचं दुःख आहे आणि राहिलेल्याचंही. नवव्या अध्यायावर मराठीत याहून चांगलं भाष्य मला माहीत नाही. आजही जालना, अहिल्यानगर, सोलापूरकडच्या वस्त्यांत एका चुलत्याच्या दारात क्रूस असतो आणि दुसऱ्याच्या दारात तुळस, आणि लग्नाला दोघंही एकाच पंगतीला बसतात. अशा मंडळीपुढं उभं राहून 'ते' आणि 'आपण' असं बोलणारा माणूस कुणाच्या तरी मामाबद्दल, कुणाच्या तरी मावशीबद्दल बोलत असतो. समोर बसलेली बाई मान खाली घालते. ती कबूल होऊन मान घालते असं समजू नका.

झावळ्यांच्या रविवारीही, म्हणजे प्रभूच्या यरुशलेमप्रवेशाच्या सणालाही, आपलं असंच होतं. मुलं झावळ्या घेऊन गावातून होसान्ना म्हणत येतात, मग लूकच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय वाचतात आणि 'हे गप्प राहिले तर धोंडे ओरडतील' इथं, म्हणजे चाळिसाव्या वचनावर, थांबतात. एक्केचाळिसाव्या वचनात प्रभू शहर पाहून रडतो. मिरवणूक चालू आहे, लोक अंगरखे अंथरताहेत, आणि ज्याची मिरवणूक आहे तोच रडतोय. जैतुनाच्या डोंगराच्या उतारावर त्या जागेची आठवण म्हणून १९५५ साली बांधलेलं छोटं चर्च आहे. त्याचं छप्पर अश्रूच्या थेंबासारखं केलेलं आहे आणि वेदीमागच्या खिडकीतून समोर यरुशलेम दिसतं. ज्या शहरासाठी तो रडला त्यानं त्याला आठवड्याच्या आत क्रूसावर दिलं, हे त्याला ठाऊक होतं. 'शांतीच्या गोष्टी तुला कळल्या असत्या तर!' एवढं म्हणून तो वेढ्याचं, मेढेकोटाचं, दगडावर दगड न राहण्याचं वर्णन करतो. सन ७०मध्ये तसंच घडलं. मग लगेच तो मंदिरात जातो आणि विकणाऱ्यांना बाहेर काढतो. चाबूक हाती घेतलेल्या प्रभूवर आपण उपदेश ऐकतो. पण लूकमध्ये डोळे पुसायच्या आधी त्यानं कुणाला बाहेर काढलेलं नाही.

शास्त्रात हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. शौल राजाचं राज्य काढून घेतल्याचा निरोप शमुवेल संदेष्ट्याला सांगायचा होता. निरोप सांगायच्या आधी तो रात्रभर परमेश्वराकडं आक्रोश करत होता. सकाळी उठून त्यानं जे सांगितलं त्यात एक अक्षर मऊ केलं नाही. पण रात्र त्यानं शौलासाठी जागून काढली होती, जो शौल त्या वेळी कर्मेलात स्वतःचं स्मारक उभारत होता. करिंथाच्या मंडळीत एक जण सावत्र आईला घेऊन राहत होता, तेव्हा पौलानं मंडळीला आधी हे विचारलं, की तुम्ही फुगलात कसे, तुम्ही शोक नको होता का करायला? आणि नंतरच्या पत्रात तो सांगतो, की पूर्वीचं कठोर पत्र मी पुष्कळ अश्रू गाळून लिहिलं, आणि ज्याला शिक्षा झाली त्याला आता क्षमा करा, नाहीतर तो दुःखानं गिळला जाईल.

आपल्याकडं शिस्त लागते ती अशी: घोषणा, आभारप्रदर्शन, वाढदिवस, आणि त्यातच एखाद्याचं नाव वाचलं जातं, की अमक्याला प्रभुभोजनातून दूर ठेवण्यात आलं आहे. पुढची घोषणा महिला मंडळाच्या सहलीची. शिस्त नको असं मी म्हणत नाही. पण ज्या कमिटीनं तो ठराव केला त्या कमिटीतला एक तरी माणूस ठरावाच्या आदल्या रात्री जागला होता का, आणि नंतर त्या घरी कुणी गेलं होतं का?

यिर्मयाला आपण 'रडणारा संदेष्टा' म्हणून मोकळे होतो, जणू तो स्वभावानंच हळवा होता. त्याचं आयुष्य बघा. पशहूर याजकानं त्याला मारून खोड्यात अडकवलं. सरदारांनी त्याला चिखलाच्या विहिरीत सोडलं. आणि हा म्हणतो, माझं डोकं पाण्यानं भरलेलं असतं, डोळे अश्रूंचा झरा असते, तर माझ्या लोकांतल्या मारलेल्यांसाठी मी रात्रंदिवस रडलो असतो. देवानं त्याला एका टप्प्यावर सांगितलं, की या लोकांसाठी प्रार्थना करू नकोस. तरी चौदाव्या अध्यायात तो त्यांच्यासाठी गयावया करतानाच दिसतो.

त्याच्याबद्दलची जी गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते ती मात्र कुणी सांगत नाही. यरुशलेम पडलं. बाबेलचा सरदार नबूजरदान यानं रामा इथं बंदिवानांच्या रांगेतून यिर्मयाला शोधून काढलं, त्याच्या बेड्या सोडल्या आणि सांगितलं: माझ्याबरोबर बाबेलला ये, मी तुझी काळजी घेईन, नको असेल तर तुला हवं तिथं जा. चाळीस वर्षं हा माणूस सांगत होता तेच खरं ठरलं होतं. त्याचं न ऐकणाऱ्यांची शहरं जळली होती. आता त्याला मान होता, पोट भरायची सोय होती, आणि 'मी सांगितलं होतं' असं म्हणायचा पुरेपूर हक्क होता. तो मिस्पाला गेला, देशात मागं राहिलेल्या कंगाल लोकांत. नबूजरदाननं शिधा आणि भेट देऊन त्याला वाटेला लावलं, असं वचन आहे. पुढं त्या उरलेल्यांनीही त्याचं ऐकलं नाही. जाऊ नका म्हणून त्यानं सांगितलेल्या मिसरात ते गेले आणि त्यालाही घेऊन गेले. शास्त्रात त्याचा शेवटचा ठावठिकाणा तोच, चुकलेल्या माणसांच्या सोबत.

याच्या शेजारी योना संदेष्ट्याला बसवा. देवाची शिक्षा टळून निनवे शहर वाचलं म्हणून त्याला राग आला, आणि सावली देणारं झुडूप वाळलं म्हणून तो मरणाइतका दुःखी झाला. एक लाख वीस हजारांवर माणसं असलेल्या शहराचा मी कळवळा करू नये काय, या देवाच्या प्रश्नावर पुस्तक संपतं. योनाचं उत्तर लिहिलेलं नाही. शब्बाथ शाळेत आम्ही योनाला गिळणारा मासा शिकवतो आणि चित्र रंगवायला देतो, तो चौथा अध्याय वयानं मोठ्यांसाठी ठेवलेला आहे, आणि मोठे तो वाचत नाहीत.

नहेम्याबद्दलही एक बोलून टाकते. चर्चच्या इमारत फंडासाठी त्याच्याइतका वापरलेला माणूस दुसरा नसेल. बावन्न दिवसांत तट उभा राहिला, मग आपला हॉल का नाही? बरोबर. पण यरुशलेमच्या पडलेल्या तटाची बातमी कळल्यावर तो खाली बसला, रडला, उपास केला, आणि राजापुढं तोंड उघडेपर्यंत किसलेव महिन्याचा निसान झाला. चार महिने. प्रार्थनेत तो म्हणतो, मी आणि माझ्या बापाच्या घराण्यानं पाप केलं. शूशनच्या राजवाड्यात प्याला भरणाऱ्या माणसानं यरुशलेमच्या दुर्दशेला काय हातभार लावला असेल? पण दानीएलप्रमाणं त्यालाही 'त्यांनी' म्हणता आलं नाही, 'आम्ही' म्हणावं लागलं. बावन्न दिवसांच्या पावत्या छापण्याआधी ते चार महिने एकदा तरी व्यासपीठावरून यावेत.

आता एका घराविषयी. कुठलं ते सांगत नाही. तरुण मुलगा अपघातात गेला होता. मंडळीत त्याचं येणं बंद होऊन बराच काळ झाला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. गल्लीत मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, स्पीकर. सांत्वनाची सभा. उपदेशकांनी आधी आईला सांगितलं, "बाई, रडू नका, विश्वासणाऱ्यांनी आशा नसलेल्यांसारखं रडायचं नसतं." मग ते देवाच्या घरापासून लांब राहणाऱ्यांच्या शेवटाकडं वळले. नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरज नव्हती. शेवटी हात वर करायला सांगितलं, कोण कोण आज निर्णय घेतो. आई भिंतीला टेकून खाली बसली होती आणि तिच्या मांडीवर त्याचं हेल्मेट होतं, पोलिसांनी परत दिलेलं, काच गेलेलं. शेजारच्या घरातली बाई, कपाळाला कुंकू, तिच्याजवळ जमिनीवर बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतः हुंदके देत होती. 'रडणाऱ्यांबरोबर रडा' ही पौलाची आज्ञा त्या मांडवात तिनं पाळली. तिनं वाचलेली नव्हती.

आणि ते वचन थेस्सलनीकाकरांचं आहे, त्याचा अर्थही नीट सांगा. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, म्हणजे शोकच करू नका असं पौलानं लिहिलेलं नाही. मेलेल्या लाजराला उठवायला आलेला प्रभू, उठवणार हे माहीत असूनही, त्याची बहीण मरीया हिला रडताना पाहून रडला. ईयोबाच्या मित्रांना आपण नावं ठेवतो, पण पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं चुकायला लागलं ते तोंड उघडल्यावर.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, की आमच्याकडं रडणं कमी नाही, उलट फार झालंय. कन्व्हेन्शनला कीबोर्डवर हळू सूर लागतो, दिवे मंद होतात आणि वक्त्याचा आवाज भरून येतो, तेही बरोबर शेवटच्या वीस मिनिटांत. खरं आहे. ते रडणं बहुतेक स्वतःसाठी असतं: माझी नोकरी, माझा व्हिसा, माझा आशीर्वाद. आमोसनं शोमरोनच्या ऐषारामी लोकांना हेच सुनावलं, की हस्तिदंती पलंगांवर पडून तुम्ही गाणी रचता, पण योसेफाच्या, म्हणजे आपल्याच लोकांच्या, नाशाबद्दल तुम्हाला दुःख नाही. गाणी त्यांच्याकडं भरपूर होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, की नुसतं रडून काय होणार, सत्य सांगायला नको का? सांगायला हवं. सोन्याच्या वासराच्या प्रकरणात मोशे म्हणतो, यांच्या पापाची क्षमा कर, नाहीतर तू लिहिलेल्या पुस्तकातून मला पुसून टाक. त्याच अध्यायात, आदल्याच दिवशी, त्यानं पाट्या फोडल्या आणि लेव्यांच्या तलवारीनं तीन हजार माणसं पडली. मला तो भाग वाचताना त्रास होतो आणि त्याचं गुळगुळीत स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. देवानं मोशेची देऊ केलेली अदलाबदल मान्यही केली नाही. पौलाचीही केली नाही. माणसाचं दुःख दुसऱ्याचा उद्धार करत नाही, ते काम एकानंच केलं असं आपण मानतो. शौलासाठी शोक करत बसलेल्या शमुवेललाही देवानं शेवटी विचारलं, किती दिवस रडणार, नव्या राजाच्या अभिषेकासाठी शिंगात तेल भर आणि बेथलेहेमाला चल. म्हणजे शोकाला मर्यादा आहे, आणि तो संपवायची वेळ देव सांगतो. आपण तो सुरू व्हायच्या आधीच शिंगात तेल भरून तयार असतो, ही माझी अडचण आहे.

तुमच्यावर किती भार आहे हेही मी जाणते. तीन-तीन गावं, पगार उशिरा, कोर्टात मालमत्तेचे दावे, आणि प्रत्येक घरच्या दुःखात रडायचं म्हटलं तर माणूस उरणार कसा? म्हणून हे एकट्या पाळकावर टाकू नका, असंच मी म्हणते. पौलानं इफिसच्या वडिलांना मिलेतास बोलावून सांगितलं, की तीन वर्षं मी रात्रंदिवस अश्रू गाळत एकेकाला बोध करत आलो. हे तो कमिटीला सांगत होता. निघताना त्यांनी त्याच्या गळ्यात पडून आक्रोश केला, तेव्हा त्यांना ते कळलं होतं असं दिसतं.

मागणं थोडकंच आहे. अंत्यविधीत आठव्या अध्यायानंतर नवव्याची पहिली तीन वचनं वाचा. अर्धं मिनिट लागेल. झावळ्यांच्या रविवारी चव्वेचाळिसाव्या वचनापर्यंत जा. नाताळच्या नाटकात हेरोद असतो, उंटही असतो, पण हेरोदानं ज्यांची लेकरं मारली त्या बेथलेहेमच्या आया नसतात. मत्तयानं राहेलीचं रडणं दुसऱ्या अध्यायातच लिहिलं आहे, त्यांना दोन मिनिटं द्या. मध्यस्थीच्या प्रार्थनेत 'आजारी, दुःखी, जगाच्या पाठीवरचे सर्व' असं एका दमात उरकण्याऐवजी गावातल्या एका घराचं नाव घ्या, मग ते घर कुणाच्याही देवाचं असो. त्या हंगामात विहिरीत उडी घेतलेल्या शेतकऱ्याचं असो.

आणि विलापगीत, म्हणजे यरुशलेम पडल्यावरच्या शोकाचं पुस्तक, वाचा. आपल्या कॅलेंडरांवर त्यातली एकच ओळ छापतात, देवाची करुणा रोज सकाळी नवी होते ती. तिसऱ्या अध्यायात, सहासष्ट वचनांच्या गर्दीत, ती आहे. तिच्या अलीकडं पलीकडं भुकेनं रस्त्यात मान टाकणारी लेकरं आहेत, आणि चौथ्या अध्यायात आयांनी जे केलं ते मी इथं लिहीत नाही. पंडिता रमाबाईंना ती पानं कशी वाचता आली असतील, असा विचार मी अनेकदा केला आहे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली होती. १८९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडं गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या, त्यांतूनच केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. त्याच बाईंनी पुढं हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध शास्त्र मराठीत आणलं. १९२४ साली, त्यांच्या मागं, ते पूर्ण छापून आलं, आणि छापणाऱ्यांत मुक्तीतल्याच बायका होत्या. भुकेल्या लेकरांची ती वचनं त्या हातांखालून गेली.

विलापगीताच्या पाचव्या अध्यायाला गोड शेवट नाही. तू आम्हाला अगदीच टाकून दिलंस काय, अशा सुरात तो थांबतो. यहूदी लोक मंदिराच्या नाशाच्या स्मरणदिवशी ते वाचतात तेव्हा शेवटी त्याच्या आदलं, 'आम्हाला परत फिरव' हे वचन पुन्हा म्हणतात. आपणही तसं करावं, असं मी सुचवते. बावीस वचनं आहेत, पाच मिनिटांत होतात. वाचायला कुणी मिळालं नाही तर मला सांगा, मी वाचीन. मंडळीत बायकांनी शास्त्रवाचन करावं की नाही हा विषय कमिटीपुढं अजून पडून आहे, तोही त्या निमित्तानं काढता येईल.

कळावे,
आपली,
मंडळीतली एक सभासद